भाकरतुकडा

१

आम्ही दोघे भाऊ. धाकट्याचं नाव वीरधवल, थोरल्याचं आकाराम. कुणाच्या वाट्याला काय आलं ते एवढ्यावरूनच ओळखावं. थोरला मी. मी जन्मलो तेव्हा वडिलांनी आजोबांचं नाव उचलून माझ्या अंगावर घातलं आणि शेतावर निघून गेले. धवलच्या वेळी मात्र नाव शोधायला पंचक्रोशी पालथी घातली म्हणतात.

धवल फौजेत गेला. आमच्या कोरेगावकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यात नवल नाही. पण तो वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा तेव्हा आई त्याला उंबऱ्याबाहेर थांबवायची. भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन यायची, तुकडा त्याच्यावरून तीनदा ओवाळून डावी-उजवीकडे टाकायची, डोळ्यांना पाणी लावायची, उरलेलं त्याच्या पायांवर ओतायची आणि मग म्हणायची, "ये बाबा." लांबून येणाऱ्या माणसाच्या पाठीमागं वाटेतलं काहीबाही येतं, ते दाराबाहेरच राहावं म्हणून ही रीत. मी शेजारी त्याची ट्रंक धरून उभा असायचो.

वडील गेल्यावर आईला मी सांगलीला आणलं. विश्रामबागेत माझा कॉम्प्युटरचा क्लास आणि दोन गल्ल्या सोडून बैठं घर. माझं लग्नाचं राहिलं ते राहूनच गेलं. आईचं औषधपाणी, मोतीबिंदूचं ऑपरेशन, चतुर्थीला गणपतीचं देऊळ, सगळं मीच करायचो. आणि रोज संध्याकाळी स्कूटर लावून घरात शिरलो की कानावर काय पडायचं? "पाय पुसून ये. फरशी आत्ता पुसलीया."

जो कुठं गेलाच नाही त्याला कोण ओवाळणार, हे मला कळत होतं. कळत असूनही पोटात दुखायचं. आता दुखायचं ते दुखायचं, लपवून काय करू?

२

अठ्ठ्याण्णव साली गणपती उठले आणि आमच्या कॉलनीत भरदुपारी चोरी झाली. शेजारच्या गल्लीतलं एक जोडपं आतल्या खोलीत झोपलेलं, आणि बाहेरच्या खोलीतलं कपाट कुणीतरी साफ करून नेलं. आई दिवसभर एकटी. मला घोर लागला.

क्लासमध्ये एक जुना फोर-एट्टी-सिक्स कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. पोरांना आता नवी मशीनं हवी असायची, त्याला कुणी हात लावत नव्हतं. मी तो घरी आणला. त्यात कॅमेऱ्याची वायर घेणारं एक कार्ड बसवलं, पोर्चच्या कोपऱ्यात छोटा कॅमेरा टांगला आणि वायर खिडकीतून आत घेतली. कॅमेऱ्यात पायरी दिसायची, दार दिसायचं, आणि दार उघडं असलं तर आतली हातभर फरशी. डिस्क लहान, त्यामुळे सलग चित्र मावायचं नाही. दर थोड्या वेळानं एक काळापांढरा फोटो टिपायचा आणि जागा भरली की जुने पुसायचे, असा प्रोग्राम मी लिहिला. आवाज नाही. मशीनची बॅटरी मेलेली, म्हणून प्रत्येक फोटोवर तारीख सन ऐंशीची पडायची. ती मी तशीच राहू दिली.

"आन् ते डबडं काय करनार?" आईनं विचारलं. "चोराला धरनार व्हय?"

"धरणार नाही. त्याचा फोटो काढून ठेवणार."

"मग तो फोटू चोराच्या बायकुला दाखवायचा व्हय रं?" ती पदर तोंडाला लावून हसली. मग जवळ येऊन पडद्याकडे बघत म्हणाली, "धवल्या आला की दिसंल का ह्यात?"

मी बसवला, मी जोडला, रात्रंदिवस मी खपलो. आणि दिसणार कोण, तर धवल्या.

३

संध्याकाळी चहाचा कप घेऊन दिवसाचे फोटो बघायचे, हा माझा नवा नेम झाला. दूधवाला, पोस्टमन, गेटशी घुटमळणारी गाय. आई दारात येऊन तांदूळ निवडतेय. भाजीवालीशी हुज्जत घालतेय. मला आवडायला लागलं होतं. आईचा दिवस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

एके दिवशी दुपारच्या फोटोंत दार उघडं दिसलं. आई उंबऱ्याच्या आत उभी. एका हातात तांब्या, दुसरा हात वर. बोटांत भाकरीचा तुकडा.

पायरीवर कुणी नव्हतं.

पुढच्या फोटोत तिचा हात खाली आलेला. त्याच्या पुढच्या फोटोत ती बाजूला सरून मान वर करून बघत होती, आणि हसत होती. त्यानंतर दार बंद.

मी पुढेमागे करून पुन्हा पुन्हा पाहिलं. फोटोंच्या मधल्या वेळात माणूस येऊन आत गेला असेल, असं मनाला सांगितलं. पण हात ओवाळत असताना ज्याच्यावरून ओवाळतात तो तरी समोर हवा की नाही?

"आई, दुपारी कोण आलं होतं?"

"कोन येतंय हितं? जेवून पडले व्हते मी."

"दार उघडलं नाहीस?"

"कशाला उगडू?" ती शेंगा फोडत राहिली. तिच्या चेहऱ्यावर खोटं बोलल्याची खूण नव्हती. मी बाहेर जाऊन पाहिलं. पायरीच्या डाव्या हाताला, जास्वंदीच्या बुंध्याशी, भाकरीच्या तुकड्याला मुंग्या लागल्या होत्या.

४

पहिला विचार मनात आला तो वाईटच. मी एस.टी.डी. बूथवर जाऊन राजस्थानात, धवलच्या छावणीत फोन लावला. बराच वेळ ताटकळल्यावर धवल आला, धापा टाकत आणि ठणठणीत.

"काय रं दादा? समदं ठीक हाय न्हवं?"

"ठीक. तू?"

"एकदम फस्क्लास. फकस्त दिवाळीला छुट्टी न्हाई. आईला सांग बाबा तूच, माझ्यानं सांगवत न्हाई. आन् चिवडा धाडून दे, तिच्या हातचा."

जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर राग आला. पोरगा धडधाकट राजस्थानात बसलाय, आणि ही इथं त्याच्या वाटेकडे डोळे लावून रिकाम्या दाराला भाकरतुकडा ओवाळतेय! वय झालं की माणसं असं करतात, मीही ऐकून होतो. रोज दुपारी तिला वाटत असेल धवल आला. ओवाळत असेल, आत घेत असेल आणि झोपेत विसरून जात असेल. यात भिण्यासारखं काय आहे?

पण जळण्यासारखं भरपूर होतं. तिचा हात कुठवर जातो ते मी दाराच्या चौकटीशी उभा राहून ताडून पाहिलं. धवल माझ्याहून वीतभर उंच आहे. फोटोतला तिचा हात बरोब्बर तेवढाच वर होता. माझ्यासाठी हात एवढा वर न्यावाच लागला नसता.

म्हणजे घरात नसलेल्या लेकराला मान, आणि असलेल्याला फरशी पुसल्याची बातमी.

५

मग रोजच ते फोटो यायला लागले. ओवाळणं झालं की आई पायरीवर पाणी ओतायची, तेही दिसायचं. एका फोटोत दार उघडं होतं आणि आतली हातभर फरशी दिसत होती. तिच्यावर ओलं पाऊल उमटलं होतं. एकच, आत जाणारं. आईचं असेल, असं मी म्हटलं. आईच्या पायात त्या फोटोत स्लिपर होती.

घरातही काही काही दिसू लागलं. टोपल्यातल्या भाकऱ्या कमी व्हायच्या. सायीचं भांडं, जे आई मांजरापासून राखावं तसं माझ्यापासून राखायची, ते दुपारीच रिकामं. कट्ट्यावर एक ताट जास्तीचं पालथं. मी विचारलं तर म्हणायची, "मीच खाल्लं आसंल. भूक लागती बाबा ह्या वयात बी."

एका दुपारी मी क्लासमधून घरी फोन केला. बऱ्याच रिंगा झाल्यावर तिनं उचलला. ती हसत होती. कुणाशी तरी बोलता बोलता आल्यासारखा श्वास लागला होता.

"काय करतेस?"

"काय न्हाई. बसलीया."

तिच्या मागं मोरीतला नळ सुरू होता. पितळी घागर भरत आली की पाण्याचा आवाज बारीक होत जातो, तसा तो होत होता. मी काहीबाही विचारत राहिलो, आणि ती उत्तरं देत राहिली. फोन आमच्या बाहेरच्या खोलीत आहे आणि त्याची वायर आखूड आहे. मोरी घराच्या पार मागं.

घागर भरली. नळ कुणीतरी बंद केला.

"आई, आत कोण आहे?"

"कोन न्हाई," ती म्हणाली. मग फोनवर हात ठेवून, तरी मला ऐकू येईल असं, कुणाला तरी मायेनं म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं, मी उचलते. जड हाय ती."

मी स्कूटर घेऊन तडक घरी आलो. आई पलंगावर गाढ झोपली होती. मोरीत घागर काठोकाठ भरलेली होती आणि फरशी कोरडी ठणठणीत. कोपऱ्यात मशीनचा पंखा घरघरत होता. सारं घर मी पालथं घातलं, माळ्यावरसुद्धा चढलो. कुणी नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मनात एकच रुतून बसलं: मला ती कधी "ऱ्हाऊ दे, मी उचलते" म्हणाली नव्हती. मी भरतो, मी उचलतो, आणि ती बघतसुद्धा नाही.

६

क्लासमध्ये टायपिंग शिकवणाऱ्या विनोदिनीबाई शहाण्या होत्या. वरवरचं मनाला लावून घेत नसत. शेवटी न राहवून मी काही फोटो फ्लॉपीवर घेतले आणि त्यांना दाखवले. म्हटलं, आईचं वय झालंय, भावाच्या आठवणीनं असं करते.

त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला. मग म्हणाल्या, "भाऊ तुमच्याहून उंच आहे म्हणता ना? हे पहिले फोटो बघा, हात केवढा वर आहे. आणि हे कालचे बघा."

मी पाहिलं. रोज बघत होतो म्हणून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. हात दिवसागणिक खाली येत गेला होता. चौकटीवर जिथं जुन्या रंगाचा पोपडा निघालाय तिथपासून कडीच्या वरपर्यंत, आणि आता त्याहून थोडा खाली.

"सर, जरा उभे राहा," त्या म्हणाल्या. मी उभा राहिलो. "झालं की. तुमचीच उंची. आईच्या मनात तुम्हीच आहात आता. उगाच भावाच्या नावानं खडे फोडताय."

त्या हसल्या आणि वर्गात गेल्या. मी तिथंच उभा राहिलो. शहाण्या माणसाला त्या फोटोंची भीती वाटली असती. दारात उभं राहून काहीतरी धवलच्या मापातून माझ्या मापात आलं होतं. पण मला काय वाटलं सांगू? माझे डोळे भरून आले. वाटलं, अखेर आली माझी पाळी.

७

दुसऱ्या दिवशी मी दुपारच्या त्या वेळेआधीच क्लासला सुट्टी दिली आणि पायी घरी आलो. ऊन रखरखत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पायरीवर उभा राहिलो, शर्ट नीट केला. बेल वाजवली नाही. दार आतून आपसूक उघडलं.

आई समोर होती. हातात तुकडा, तांब्या. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आकाराम, जरा बाजूला हो रं. दारात उबा ऱ्हाऊ नगंस."

माझ्या पाठीमागं, अगदी मानेशी, ऊन एकदम कमी झालं. मी वळून पाहिलं नाही. मला भीतीपेक्षा अपमान जास्त झोंबत होता.

"माझ्यावरून ओवाळ," मी म्हटलं.

"तुज्यावरनं? कशापायी?"

"मी तुझा लेक नाही?"

"हाईस की. पन तू कुटं गेला व्हतास?" ती खरंच न समजून विचारत होती. "जो गावाला जातो त्याला आवाळत्यात बाबा. तू हितंच अस्तोस. हाललास कवा हितनं?"

मी तिथून हललो नाही. बऱ्याच वेळानं तिनं तुकडा पदरात घेतला, हिरमुसली, आणि वळून आत गेली. मानेवर पुन्हा ऊन लागलं. त्या दिवसाचे फोटो मी पाहिले नाहीत.

८

मग मी जायचं ठरवलं. हसू येईल कुणाला, पण एवढीच गोष्ट होती. गेल्याशिवाय येता येत नसेल, तर जाऊ. विनोदिनीबाईंवर क्लास सोपवला. आईला सांगितलं की गावाकडच्या रानाचं काम निघालंय.

ती दारापर्यंत आली. "सावकाश जा," म्हणाली. इतकी वर्षं मला कुणी "सावकाश जा" म्हटलं नव्हतं, मी हरखून गेलो. ती मात्र माझ्याकडं बघत नव्हती. पायरीच्या एका बाजूला बघत होती, कुणीतरी जागा रिकामी व्हायची वाट बघत उभं असावं तसं.

गावात चुलत्यांकडे राहिलो. उसाच्या बांधावर बसून दिवस काढले. घरी फोन केला तर आई उचलायची, आणि मी "आई" म्हटलं की ती म्हणायची, "आरं, आत्ता तर जेवलास, आन् फोन कुटनं करतोस?" मग तिकडून माझंच हसणं ऐकू यायचं. मी फोन ठेवून द्यायचो. लाईन खराब आहे, आवाज उलटा येतो, असं चुलत्यांना सांगायचो. स्वतःलाही तेच सांगायचो.

आठवडा काढला आणि मग राहवेना. सातारा-सांगली गाडीनं निघालो, तेही सकाळची धरून, म्हणजे भरदुपारी तिच्या वेळेला दारात उभं राहता येईल. कराड गेलं, इस्लामपूर गेलं. सबंध वाटेत मी आई कशी ओवाळेल तेच मनात घोळवत होतो. डोळ्यांना पाणी लावेल तेव्हा रडायचं नाही, असं ठरवलं होतं. माझ्याबरोबर वाटेतलं काय आलं असेल ते ती बाहेरच ठेवणार होती.

गेट उघडलं. पायरी ओली होती. दोन्ही बाजूंना भाकरीचे ताजे तुकडे पडले होते, मुंग्यासुद्धा अजून आल्या नव्हत्या.

मी बेल वाजवली.

आईनं दार उघडलं. हात रिकामे होते. तिनं समोर पाहिलं, गेटकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. मी तिच्या श्वासाच्या अंतरावर होतो.

"आई," मी म्हटलं.

तिच्या खांद्यावरून मला आतली खोली दिसत होती. कोपऱ्यात ते मशीन सुरू होतं. त्याच्यासमोर पाठमोरा माणूस बसला होता, चहाचा कप मांडीवर घेऊन. बनियन माझं होतं. मानेवरचे केस अर्धवट पांढरे, न्हाव्यानं नेहमी तिरके कापलेले. त्याच्यापुढच्या पडद्यावर आमचं दार दिसत होतं, दारात उभी आई दिसत होती, आणि पायरी दिसत होती. पायरीवर कुणी नव्हतं.

"कोण आहे गं?" त्यानं विचारलं. मला माझा आवाज कधी आवडला नाही, पण तो माझाच होता.

"कोन दिसत न्हाई," आई म्हणाली. "बेल तर वाजली."

"नाही कुणी. मला दिसतंय इथं. दार लाव, ऊन येतंय."

मी पाय उचलला. उंबरा समोर होता, एक पाऊल टाकलं की घर. पाऊल पुढं पडेना. माझ्या पायाशी तिनं नुकताच टाकलेला भाकरीचा तुकडा होता.

आई आत वळली. त्याच्याजवळ गेली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मला भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटलीच, पण नंतर. आधी काळीज जळालं. कारण जे ऐकायला मी घर सोडून गेलो होतो, ते ती त्याला सांगत होती.

"तू गावाला गेलास आन् त्या दिशी लय सुनं सुनं झालं व्हतं रं घर," आई म्हणाली. "आता कुटं जाऊ नगंस."

"नाही जात," तो म्हणाला.

मग ती परत आली आणि तिनं दार लावून घेतलं.